आईच्या कागदांची दुसरी प्रत

३ मार्च, मंगळवार

आज काय झालं ते क्रमाने:

१. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी आईच्या कॉम्प्युटरची स्क्रीन निळी झाली.
२. आईने मला फोन केला नाही.
३. वहिनीला केला.
४. वहिनी बालवाडीतून धावत घरी आली, कॉम्प्युटर बंद केला, मोठ्याने दहापर्यंत अंक मोजले आणि पुन्हा चालू केला.
५. तो चालू झाला.
६. मला हे जेवताना कळलं.
७. वहिनी म्हणाली, "बाहेरून लावायची एक हार्ड डिस्क घेऊन टाकू या, आई. सगळ्याची एक प्रत बाजूला असलेली बरी." आई म्हणाली, "किती सुचतं गं तुला!"
८. हेच मी दोन वर्षांपूर्वी याच टेबलावर म्हटलं होतं. तेव्हा आई "बघू" म्हणाली होती.

मी औषध कारखान्यांचे वजनकाटे तपासून प्रमाणित करते. मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागाची चूक मला सापडते. घरातल्या कॉम्प्युटरची चूक शोधायला मात्र बालवाडीच्या बाई.

हे रागाने लिहिलेलं नाही. नोंद आहे.

५ मार्च, गुरुवार

डिस्क निवडायचं काम आईने शेवटी माझ्याकडे दिलं. "तू शिकली आहेस यातलं. कुठली घ्यायची ते तू ठरव. पण महिना लावू नकोस."

कामाची व्याप्ती लिहून ठेवते. आई शिवते ती तयार कपडे न बसणाऱ्या माणसांसाठी: पाठीला बाक असलेली, एक हात आखूड असलेली, ऑपरेशननंतर एक बाजू सपाट झालेली. प्रत्येकाचा कागदी साचा ती एकदा बेतते आणि मग कपड्यागणिक दोन-चार मिलिमीटर सुधारत जाते. तीस वर्षांत दोनशे बारा माणसं. कागदावर ती कधीच नाव लिहीत नाही. "एकाचं वाकडेपण दुसऱ्याने वाचू नये," म्हणते. कोपऱ्यात रंगीत दोऱ्याची गाठ असते. कुठली गाठ कोणाची, हे फक्त तिच्या डोक्यात.

गेल्या हिवाळ्यात वहिनीने ते सगळे कागद जमिनीवर पसरून फोनने फोटो काढले. आई नाव सांगायची, वहिनी फोल्डरला नाव द्यायची. चार महिने, रोज संध्याकाळी, दार लोटून. आतून हसण्याचे आवाज यायचे. त्याआधी मी चांगला स्कॅनर आणते म्हटलं होतं, तर आई म्हणाली होती, "तुझ्या मशीनला माझे कागद घाबरतील."

आईची सगळी माणसं वाकडी. मी सरळ. त्यामुळे सव्वीस वर्षं या घरात राहूनही त्या खोलीत मला कधी काही काम नव्हतं.

असो. तक्ता केला आहे. चौदा डिस्का, अकरा रकाने: क्षमता, फिरती चकती की चिप, लिहिण्याचा वेग, हमीची वर्षं, किती उंचीवरून पडली तरी चालते, वगैरे. वहिनी मागून डोकावली.

"वन्सं, यात रंगाचा रकाना कुठे आहे?"

मी हमीची वर्षं पुन्हा तपासली.

८ मार्च, रविवार

वहिनीबरोबर दुकानात गेले. तिला यायचं नव्हतं असं ती म्हणाली, पण आईने पाठवलं. माझ्यावर लक्ष ठेवायला असावं.

दुकानदाराला मी विचारलं, सलग दोन तास लिहिल्यावर वेग किती उतरतो? तो म्हणाला, चांगला चालतो. मी म्हटलं, चांगला हे माप नाही. त्याने खोक्यावरचा मजकूर वाचून दाखवला. मी म्हटलं, तो मलाही वाचता येतो. असं चाळीस मिनिटं चाललं. मग तो दोन्ही हात काउंटरवर टेकून म्हणाला, "ताई, डिस्क घ्यायची आहे की सोयरीक जुळवायची आहे?"

वहिनी इतकी हसली की तिला स्टुलावर बसावं लागलं. दुकानदाराने तिला पाणी दिलं. दोघं जुने ओळखीचे असल्यासारखे बोलू लागले. निघेपर्यंत तिला त्याच्या मुलीच्या दम्याच्या खोकल्यावर काय चालतं ते माहीत झालं होतं आणि मला अजून वेग माहीत नव्हता.

काही घेतलं नाही. बाहेर पडताना वहिनीने चालता चालता माझा शर्ट डाव्या खांद्यावर सारखा केला, जसा ती बालवाडीतल्या मुलांचा करत असेल. मला कोणी हात लावलेला आवडत नाही. तिला ते माहीत आहे. तिने हात पटकन मागे घेतला.

११ मार्च, बुधवार

फोटो किती स्पष्ट आले आहेत ते मूळ कागदाशी ताडून पाहायचं होतं. आईला म्हटलं, चार-पाच साचे काढून दे.

"कागद आता कुठले! ते दिले."

"कोणाला?"

"हिच्या बालवाडीत. कपाटं मोकळी झाली बघ. फोटो आहेत ना सगळ्यांचे?"

वहिनीने पुढची माहिती दिली. मुलांनी कागद भिजवून लगदा केला आणि त्याचे मुखवटे केले. वाघ फार छान झाले म्हणे.

म्हणजे या क्षणी दोनशे बारा माणसांचे खांदे, पाठी आणि छात्या एका नऊ वर्षं जुन्या फिरत्या चकतीवर आहेत आणि दुसरी प्रत नाही. हे मी शक्य तितक्या शांतपणे सांगितलं. आईचा चेहरा उतरला. तिला मी घाबरवलं असं दादा नंतर म्हणाला. दादा विजेच्या तारांच्या दुरुस्तीवर असतो, आठवड्यातून तीन दिवस घरी. तेवढ्यातही तो वहिनीचीच बाजू घेतो.

"म्हणून तर म्हणते, घोंगडं भिजत ठेवू नकोस," वहिनी म्हणाली. "चौदातली एक उचल. डोळे मिटून उचललीस तरी चालेल."

डोळे मिटून. मी तक्त्यात आणखी एक रकाना वाढवला: नापास होऊन परत आलेल्या डिस्कांचं प्रमाण. ही माहिती मिळवायला आठवडा लागेल.

१४ मार्च, शनिवार

वहिनीने डिस्क आणली.

नारिंगी. रबराच्या कवचातली. माझ्या तक्त्यातल्या चौदांपैकी नाही. त्याच दुकानातून. दुकानदाराने म्हणे सांगितलं की ताईंचं संशोधन संपेपर्यंत ही वापरा.

मी प्रयोगशाळेतून येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. आई डिस्क हातात घेऊन बसली होती, जसं कोणी पक्ष्याचं पिल्लू धरावं. "बघ, एका तासात झालं. किती हलकी आहे! सगळी माणसं यात मावली."

"तपासून पाहिलंस का?" मी वहिनीला विचारलं.

"उघडून बघितलं की. दिसतंय सगळं."

"दिसतंय म्हणजे तपासलं असं होत नाही."

आई म्हणाली, "अति शहाणा त्याचा बैल रिकामा. जाऊ दे गं, जेवायला बस."

मी जेवले. आमटी खारट होती, ते सांगितलं नाही.

१५ मार्च, रविवार

आई आणि वहिनी बटणं आणायला गेल्या होत्या. दोन तास घरी कोणी नव्हतं. मी नारिंगी डिस्क तपासली.

एकच फोल्डर. नाव: 'सगळं'. आकार एकसष्ट जीबी. आईच्या कॉम्प्युटरवर साच्यांचा फोल्डर अडतीस जीबी. फरक तेवीस. वहिनीने काही भाग दोनदा कॉपी केला असणार. तिच्याकडून तीच अपेक्षा. डिस्क जशी खोक्यातून आली तशीच वापरली होती. प्रतीची पडताळणी नाही. कुलूप नाही. अशा प्रतीला प्रत म्हणणं धाडसाचं आहे.

डिस्क फॉरमॅट केली. अडतीस जीबी नव्याने उतरवले. एकेक फाइल मूळ फाइलशी ताडून पाहिली. चुका शून्य. फोल्डरचं नाव 'सगळं' असंच ठेवलं, म्हणजे कोणाचा गोंधळ नको. डिस्क होती तिथे, खडूच्या डब्याशेजारी, त्याच कोनात ठेवली.

कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही नव्हतं. काम नीट झालं, एवढंच.

बऱ्याच दिवसांनी नीट झोप लागेल असं वाटतं.

२१ मार्च, शनिवार

निवृत्त पोस्टमन आले. पंचवीस वर्षं उजव्या खांद्यावर पिशवी वाहून तो खांदा वर गेला आणि पाठ एका बाजूला वळली. मुलीचं लग्न पुढच्या महिन्यात आहे, कोट हवा आहे. आईने त्यांचा साचा नऊ वर्षं सुधारत आणला होता. तिने हौसेने कॉम्प्युटर उघडला.

त्यांचा फोल्डर नव्हता.

वहिनी म्हणाली, "तो डिस्कवर आहे, आई. आठवतं ना? कॉम्प्युटरमध्ये जागा उरली नव्हती, म्हणूनच तो अडकत होता. जुनी माणसं आपण तिकडे हलवली. एकशे एकतीस. आणि बाकीच्यांची नुसती प्रत घेतली." तिने डिस्क लावली. 'सगळं' उघडलं. वर-खाली केलं. पुन्हा केलं.

हलवली. कॉपी केली नव्हती, हलवली होती.

"मी माझ्या डोळ्यांनी बघितली होती," वहिनी म्हणाली. "इथेच होती. आई, तुम्ही पण बघितली होती ना?"

आईने स्वतः माउस हातात घेऊन पुन्हा वर-खाली केलं. पोस्टमन आईला म्हणाले, "राहू द्या बाई, मी तयार कोट घेईन, कोण बघतंय म्हाताऱ्याकडे." आई त्यांना म्हणाली, "नाही, मी माप घेते पुन्हा." पण हे माप एका दिवसाचं नसतं. आणि सगळ्यांचं पुन्हा घेताही येत नाही. त्या एकशे एकतीसमध्ये कॉलेजातल्या बाई आहेत. ऑपरेशननंतर त्यांनी फक्त एकदा, दिवा मालवायला लावून, आईला हाताने अंदाज घेऊ दिला होता. त्यांना आई काय सांगणार?

पोस्टमन गेल्यावर आई वहिनीला ओरडली नाही. म्हणाली, "माझंच चुकलं. आधी घरच्या माणसाला विचारायला हवं होतं."

घरच्या माणसाला. म्हणजे मला. वहिनी घरची नाही, हे आईच्या तोंडून पहिल्यांदा आलं, आणि वहिनीने ते ऐकलं.

मला बरं वाटलं. हे लिहून ठेवते, कारण लिहिलं नाही तर उद्या मी ते नाकारेन. साधारण चाळीस सेकंद फार बरं वाटलं. मग एकसष्ट वजा अडतीस हे गणित डोक्यात आलं.

मी काही बोलले नाही. मला कोणी काही विचारलं नव्हतं.

२२ मार्च, रविवार

पंधरा तारखेची नोंद पुन्हा वाचली. 'फरक तेवीस' असं मी स्वतःच्या अक्षरात लिहिलं आहे. कारखान्याच्या काट्यात इतका फरक दिसला असता तर मी काम थांबवून लाल चिठ्ठी लावली असती. इथे मी त्याचं कारण स्वतःच ठरवलं आणि पुढे गेले.

कारण ते मला आवडलं होतं.

वहिनी आज शिवणखोलीत गेली नाही. दारापर्यंत गेली, आतून मशीनचा आवाज ऐकला आणि परत फिरली.

२४ मार्च, मंगळवार

अर्धा दिवस रजा टाकून डिस्क गेलेला डेटा परत काढणाऱ्याकडे नेली. घरी तिची जागा रिकामी दिसू नये म्हणून तिथे तशीच नारिंगी दुसरी ठेवली. आता त्या खोलीत कोणी तिला हात लावत नाही.

तंत्रज्ञ वयस्कर, जाड चष्म्याचा. सगळ्या गोष्टी तो स्वयंपाकाच्या भाषेत सांगतो.

"फॉरमॅट कोणी केलं?"

"एका नातेवाइकाने."

"नातेवाइकाने," तो म्हणाला. "माझ्याकडे येणाऱ्यांचे नातेवाईक फार वाईट असतात. बरं, नुसतं फॉरमॅट करून थांबला असता तर सगळं मिळालं असतं. तळाला लागलेली खीर पण खरवडून काढता येते. पण तुमच्या नातेवाइकाने त्याच भांड्यात पुन्हा काहीतरी शिजवलंय."

"अडतीस जीबी."

"आकडा पक्का माहीत आहे त्याला! हुशार दिसतो. मग केलं कशाला?"

"प्रत नीट नव्हती म्हणून."

त्याने चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "नीट नसलेली प्रत होती ना? मग दुसऱ्या डिस्कवर नीट घ्यायची. ही पुसायची काय घाई होती?"

या प्रश्नाचं तांत्रिक उत्तर नाही.

शुक्रवारी या म्हणाला.

२८ मार्च, शनिवार

दादा घरी आला. जेवताना म्हणाला, "आम्ही जागा बघितली आहे. माझ्या डेपोजवळ. एक तारखेनंतर कधीही मिळेल."

आई म्हणाली, "का रे?"

"जवळ पडतं."

"इतकी वर्षं लांब पडत नव्हतं?"

वहिनी ताटात बघत होती. आई तिला म्हणाली, "तुला मी काही बोलले का गं?" वहिनी म्हणाली, "नाही आई. तेच तर." आणि पाणी आणायच्या निमित्ताने उठून गेली. तांब्या भरलेला होता.

नंतर गच्चीवर कपडे काढताना मला एकटीला म्हणाली, "तूच निवडायला हवी होतीस. मी उगाच मध्ये तंगडं घातलं. तुझा तक्ता पूर्ण होऊ द्यायचा होता." टिंगल नव्हती. टिंगल करताना ती मला वन्सं म्हणते.

ही जावी असं मला दीड वर्ष वाटत आलं आहे. आता जाते आहे तर आईने आज मशीनवर एक टाका घातला नाही.

३० मार्च, सोमवार

डेटा शुक्रवारी मिळाला. सगळा नाही. जे वहिनीने आधी ठेवलं होतं त्यावर माझी प्रत चढली आहे, ते गेलं. नंतर ठेवलेलं बरंचसं वाचलं. चौदाशे सहा फोटो. दोऱ्यांच्या गाठींच्या रंगावरून मी त्यांचे गट पाडले: साधारण नव्वद माणसं.

पण फोल्डर परत येत नाहीत, नुसते फोटो येतात. आणि कागदावर नावं नाहीत. तंत्रज्ञ म्हणाला, "भाजी वाचली, डब्यांवरच्या चिठ्ठ्या गेल्या." मी प्रत्येक फोटोला क्रमांक दिला, मापं तक्त्यात उतरवली. दोन दिवसांत करता येईल असं वाटलं होतं. मला एकही माणूस ओळखता आला नाही. पोस्टमन यात आहेत की गेले, हेसुद्धा सांगता येत नाही. वर गेलेला उजवा खांदा सात जणांचा आहे.

वहिनी ओळखेल. ती जेवताना "अहो आई, हा तर बागेवाल्या काकांचा दंड" असं बोलायची तेव्हा मी ते अघळपघळ समजायचे.

एकाच्या बाबतीत नोंद करते. गट क्रमांक एकेचाळीस, पांढऱ्या दोऱ्याची गाठ. सव्वीस कागद, इतके दुसऱ्या कोणाचेच नाहीत. वर्षाला एक. पहिला वीतभर, झबल्याचा असावा. शेवटचा गेल्या वर्षीचा, स्त्रीचा. डावा खांदा खाली: लहानपणी तीन मिलिमीटर, आता चौदा. समासात आईचं अक्षर: 'पट्टी आतून', 'दिसता कामा नये', एका ठिकाणी 'उन्हाळ्यात जड होते, पातळ करणे', आणि आणखी एका ठिकाणी नुसतं 'छान बसलं'. इतक्या वर्षांत दर वर्षी येणारं हे गिऱ्हाईक मला आठवत नाही. आईने कोणासाठी एवढा जीव टाकलेला मी पाहिलेला नाही. खरं सांगायचं तर मला त्या बाईचाही राग आला.

प्रयोगशाळेने नवे तयार एप्रन दिले आहेत. माझा आजही दिवसभर डावीकडे घसरत होता. तिसरा एप्रन असा निघाला. तक्रार दिली आहे. त्यांचा बेतणारा निष्काळजी आहे.

१ एप्रिल, बुधवार

वहिनीला लिहिलं. तोंडी सांगायचा दोनदा प्रयत्न केला; दोन्ही वेळा ती हसून "काय गं?" म्हणाली आणि मी मीठ मागितलं. चिठ्ठी तिच्या बालवाडीच्या पिशवीत ठेवली आहे. ही तिची प्रत:

वहिनी,

तुझी डिस्क पंधरा मार्चला दुपारी मी पुसली. तुम्ही दोघी बटणं आणायला गेला होतात तेव्हा. तू माणसं बरोबर हलवली होतीस. तुझी काहीही चूक नव्हती.

पुसण्याआधी मला तेवीस जीबीचा फरक दिसला होता. तू चुकली असशील असं मी धरलं, कारण तू चुकावीस असं मला वाटत होतं. डिस्क वाईट होती म्हणून मी पुसली नाही. ती तू आणली होतीस आणि आईने ती हातात घेतली होती, म्हणून पुसली. एकवीस तारखेला आई तुला जे बोलली ते माझ्या वाट्याचं होतं. मी गप्प राहिले.

साधारण नव्वद माणसांचे कागद परत मिळाले आहेत, बाकीचे गेले. मिळालेल्यांना नावं नाहीत. मी पंधरा दिवस बसले तरी लावू शकणार नाही. तू आणि आई लावू शकता. पोस्टमनचा कोट अठरा तारखेला हवा आहे, म्हणून त्यांना आधी शोधावं लागेल. त्यानंतर क्रमांक एकेचाळीस. आईला तेच गेल्याचं सगळ्यात जास्त लागलं असेल.

मी शनिवारी सकाळी आईला आणि दादाला हे सांगणार आहे. ते ठरलं आहे, त्यासाठी तुझी परवानगी मागत नाही. तुम्ही जागा घ्यायची की नाही हेही विचारत नाही. तो अधिकार मला नाही.

दोन गोष्टी विचारते. मी सांगताना तू खोलीत असशील का? आणि त्यानंतर ही नव्वद माणसं लावायला माझ्या शेजारी बसशील का?

नाही म्हणालीस तरी चालेल, पण शुक्रवार, तीन एप्रिल, संध्याकाळपर्यंत कळव.